सुध्यास पत्र: सायकल आणि विमानाचं जादा सामान

प्रिय सुध्या,

गणपतीत तुझा फोन आला तेव्हा मी मांडवात होतो. मग करतो म्हणालो आणि राहूनच गेलं. रागावू नकोस. इकडे सगळं ठीक, आईचं बीपी गोळीवर नीट आहे, माझा गुडघाही बरा. आता मुद्द्यावर येतो: 2027 ला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सायकलफेरीला आपली सायकल विमानातून न्यायची कशी. तुलाच लिहितोय, कारण घरात हे कुणाला सांगून उपयोग नाही. हिला सांगितलं तर म्हणते, "पॅरिसात सायकली भाड्याने मिळत नाहीत का?"

आता हिला काय सांगू? 90 तासांत 1200 किलोमीटर, तेही दुसऱ्याच्या सॅडलवर! तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरल्या वेळात पुरी करायची ती लांबची फेरी) तुझ्या सायकलवर मी खंबाटकी ते सुरूर एवढाच बसलो होतो, त्यानंतर पुढचे दोन दिवस बँकेत उभ्याने काम केलं. तुझं ते सॅडल म्हणजे नांगराचा फाळ आहे, हे मी तेव्हाही म्हणालो होतो.

तर झालं असं. लेहला सायकल घेऊन गेलो होतो. पुण्याहून जाताना खोका वजनाला लावला, अठरा किलो भरला. पंधरा किलो फुकट, वरच्या तीन किलोंचे पैसे घेतले, पावती दिली, विषय संपला. खारदुंगला खिंड चढलो (तिथल्या जुन्या पाटीवर 18,380 फूट लिहिलेलं असायचं, जीपीएस काही केल्या 17,600 च्या पुढे जात नाही, म्हणजे आपलं ते भांडण मी जिंकलो). गेस्टहाउसच्या आजींनी पुठ्ठ्याचा खोका गवताच्या खोलीत कोरडा जपून ठेवला होता. त्याच खोक्यात तीच सायकल भरली, त्याच कंपनीचं तिकीट, आणि परतीच्या काउंटरवरचा मुलगा टेप घेऊन आला. लांबी, रुंदी, उंची मिळून 230 सेंटिमीटर. नियमात 158. म्हणजे वजनाचे वेगळे आणि आकाराचे वेगळे, मिळून चार हजारांच्या वर. मी पुण्याची पावती दाखवली. तो म्हणाला, "तिथे त्यांनी चुकून सोडलं असेल." मागे रांग, लेहची विमानं सगळी सकाळची, दुपारी वारा सुटला की उड्डाण बंद. भांडायला वेळ कुठला? भरले.

आणि एवढं भरूनही सायकल माझ्याबरोबर आलीच नाही. लेहच्या विरळ हवेत विमानाला कमी वजन उचलता येतं, तेव्हा काही सामान मागे ठेवतात, आणि सगळ्यात आधी बाहेर निघतो तो मोठा खोका. दुसऱ्या दिवशी आला. वर बुटाचा ठसा, एक कोपरा फाटून त्यावर कुणीतरी भलतीच टेप मारलेली. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन टोकांमध्ये मी बसवलेला प्लास्टिकचा तुकडा जागच्या जागी होता, त्यामुळे फोर्क वाचला. पण गिअर बदलणारा डिरेलर ज्या पट्टीला टांगलेला असतो, तो हँगर आत वाकलेला. पहिल्या चढाला गिअर टाकला असता तर डिरेलर थेट चाकाच्या तारांत गेला असता.

सुध्या, मला पैशांचं तेवढं वाटत नाही. आकडा काय तो आधी सांगा, मी भरतो. जीव जळतो तो याचा, की आकडा ठरतो काउंटरवर, जेव्हा मागे फिरायची सोय नसते. पॅरिससाठी मी आठवडाभर रोज रात्री नियम वाचत बसलोय. एक कंपनी सायकल साध्या सामानाचा एक नग म्हणून धरते, तेवीस किलोंच्या आत असली की झालं. दुसरी वेगळं भाडं लावते आणि आधी कळवलं नाही तर जागा नाही म्हणते. तिसरीच्या फोनवर दोन बायकांनी दोन उत्तरं दिली. मध्ये विमान बदलायचं असेल तर ज्याचं तिकीट त्याचा नियम की ज्याचं विमान त्याचा, हे कुणीच छातीठोक सांगत नाही. कित्येक ठिकाणी गोल्फची पिशवी बिनबोभाट जाते. तीही लांबच असते ना?

तू म्हणशील कुरियर कर. विचारलं. त्यांच्याकडे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार. माझा खोका 135 बाय 75 बाय 20, म्हणजे साडेचाळीस किलो! आत सायकल अकरा किलोंचीसुद्धा नाही. हवेचे पैसे मोजायचे.

नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 साली रॅम, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली तेव्हा आपण तुझ्या गच्चीवर रात्रभर मोबाइलवर ठिपका बघत बसलो होतो, आठवतं? त्यांनी सायकली अमेरिकेला कशा नेल्या असतील, हा प्रश्न तेव्हा मनाला शिवलाही नव्हता. आता दुसरं काही सुचत नाही.

आणि खरी काळजी माझी नाहीच. सासवडचा आपला पोरगा. यंदा त्याने सहाशेची ब्रेव्हे केली, शेवटचे शंभर किलोमीटर पावसात, आणि कंट्रोलवर, म्हणजे वेळेची नोंद करतात तिथे, येऊन पहिलं काय विचारलं तर "काका, 2027 ला पॅरिसच्या नोंदणीत याने आधी नंबर लागतो ना?" लागतो. पुढल्या वर्षी त्याला दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे पुन्हा करावी लागेल, ती तो हसत करेल. घरची अंजिराची बाग आहे, तिकिटाचे पैसे वडील त्यातून काढणार आहेत. पै न् पै मोजलेली. त्याला मुंबईच्या काउंटरवर कुणी टेप घेऊन गाठलं आणि ऐन वेळी आकडा सांगितला तर? मी ओळखतो त्याला. उसने मागणार नाही, खोका घेऊन गुपचूप परत येईल. रांबूयेची सुरुवात, ब्रेस्टचा समुद्र, सगळं त्या टेपपाशी संपेल. या विचाराने मला झोप लागत नाही रे.

म्हणून ठरवलंय, दोघांची तिकिटं एकत्र, एकाच कंपनीची, मध्ये कंपनी बदलणार नाही. सायकलींची नोंद आरक्षणातच करून घ्यायची, ईमेलवर लेखी घ्यायची आणि छापून बरोबर ठेवायची. थोडं महाग पडलं तरी चालेल, फरक मी भरीन, त्याला कळू देणार नाही. तूही बोलू नकोस.

तुझ्या नव्या फ्लॅटचं कळलं, फार आनंद झाला. चिमीचं दहावीचं वर्ष, तिला जास्त बोलू नकोस. वहिनींना नमस्कार. ऑफिसातलं ते प्रकरण मिटलं का?

आता काम. सायकल न्यायची तुझी ती कडक पेटी माळ्यावर असेल. तिच्यावरून आपण चाकणच्या ढाब्यावर केवढे भांडलो होतो! देशातल्या पंधरा किलोंत पेटीच बारा किलो खाते, तिथे पुठ्ठाच बरा, यावर मी आजही ठाम आहे. पण त्या पोराकडे एकच सायकल आहे आणि त्याच्या फ्रेमचा हँगर इथे कुठल्याच दुकानात मिळत नाही. त्याची सायकल पेटीतूनच जायला हवी. सायकल साडेदहा किलो, मर्यादा तेवीस, म्हणजे अगदी काठावर. तेव्हा वजन आठवणीवरून सांगू नकोस, वजनकाट्यावर रिकामी पेटी ठेव. मापही बाहेरून घे, खालची चाकं आणि हँडल धरून. रविवारपर्यंत कळव. आणि किल्ली शोध, गेल्या वेळी ती तुझ्या लोणच्याच्या बरणीमागे सापडली होती.

तुझा,
बाळ्या