टायर झिजत नाही, हीच माझी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुंबई विभागीय कार्यालय

दिनांक : ४ ऑगस्ट २०२५

विषय : पावसाळ्यासाठी मागितलेल्या टायरऐवजी भलतेच टायर दिल्याबाबत (१८५/६५ आर १५, नग ४)

महोदय,

आपल्या तपासनिसाचा अहवाल मिळाला. ‘नक्षीची खोली ७.८ मिमी, झीज समाधानकारक, उत्पादन दोष नाही’ एवढं लिहून माझी तक्रार बंद केली आहे. या तिन्ही गोष्टी मला मान्य आहेत. पण टायर झिजले असं मी म्हटलंच कुठे होतं? ओल्या रस्त्यावर गाडी वेळेत थांबत नाही, असं म्हटलं होतं.

१७ मे रोजी आपल्या मुलुंडच्या अधिकृत विक्रेत्याकडे गेलो, तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं : “रोज मुलुंड ते बीकेसी जातो, पावसात पकड चांगली हवी, थोडे लवकर झिजले तरी चालतील.” यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “साहेब, सिटीत ग्रिप काय करायचीये? हे घ्या, ऐंशी हजार आरामात जातील.” वर लेबलवरचे स्टारही दाखवले. ते स्टार टायर किती हलका फिरतो, म्हणजे पेट्रोल किती वाचतं, त्याचे असतात हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं. चूक माझीही आहे, स्टार बघून मी मान डोलावली.

यंदा पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. पहिल्या सरींनी रस्त्यावरचं तेल वर येतं, शिवाय नव्या टायरवर साच्याचा बुळबुळीत थर असतो, म्हणून सुरुवातीचं घसरणं मी मनावर घेतलं नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र रस्ते धुऊन स्वच्छ झाले होते आणि टायरही दोनेक हजार किलोमीटर चालले होते. विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गावर, पन्नासच्या आसपास वेग, पाणी साचलेलं नाही, नुसती रिपरिप. पुढच्या रिक्षाने एकदम ब्रेक मारला. मीही करकचून दाबला. पायाखाली पेडल खडखडलं, एबीएसने, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेने, आपलं काम केलं, गाडी सरळ राहिली, पण थांबेना. रिक्षाच्या मागे बांधलेलं लिंबू-मिरची माझ्या बॉनेटआड गेलं, तेव्हा कुठे थांबली. बायको शेजारी होती. ती त्यानंतर सायनपर्यंत एक शब्द बोलली नाही.

माझे आधीचे टायर बेचाळीस हजार किलोमीटर चाललेले, नक्षी जेमतेम अडीच मिमी उरलेली. गेल्या पावसाळ्यात याच रस्त्यावर त्यांनी असा घोर लावला नव्हता. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे ३३, गाडी थंड असताना भरलेली. अलाइनमेंट टायर बसवतानाच केलं, बिलात आहे. ब्रेक पॅडही तपासून घेतले.

खोबणी पाणी बाहेर फेकते, साचलेल्या पाण्यातून वेगात जाताना तिचा उपयोग. पण रस्ता नुसता ओला असतो तेव्हा पकडतं ते रबर. कडक रबर झिजतं कमी आणि ओल्यात धरतंही कमी. सिलिका जास्त घातलेलं चांगलं धरतं. हे मी आपल्याला सांगावं असं नाही, आपल्याच माहितीपत्रकात याच मापाचा दुसरा टायर ‘ओल्या रस्त्यासाठी’ म्हणून छापला आहे. नगामागे सातशे रुपये जास्त. मी ते आनंदाने दिले असते. तपासनिसाच्या आकड्यांवरून हिशेब मांडला तर माझे टायर लाखभर किलोमीटर जातील. ३,१०० किलोमीटरमध्ये ०.२ मिमी! गाडी तोवर मोडीत निघालेली असेल.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं की टायर एआयएस-१४२ या वाहन उद्योगाच्या भारतीय मानकातल्या ओल्या पकडीच्या निकषात बसतो. असेल. पस्तीस मार्कांनी पास झालेला मुलगाही पासच असतो, पण मी मागितला होता तो वर्गातला हुशार. आणि निकषाचं नाव काढलंतच म्हणून सांगतो. परवा मोबाइलचा टॉर्च लावून, गुडघ्यावर बसून चारही टायरवरचे उत्पादनाच्या आठवड्याचे आकडे वाचले. तिघांवर ०७२५, म्हणजे २०२५ चा सातवा आठवडा. चौथ्याचा आकडा आतल्या बाजूला फिरवून बसवला होता, तो गाडी उचलल्यावर दिसला : ३६२२. म्हणजे सप्टेंबर २०२२. आधीपासून विक्रीत असलेल्या डिझाइनांना तो निकष १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. मग हा चौथा टायर कोणत्या निकषात बसवलात? आणि पावणेतीन वर्षं गोदामात पडलेल्या टायरला नव्याची किंमत कशी लावलीत?

माझं म्हणणं एवढंच : चारही टायर परत घेऊन माहितीपत्रकातला तो दुसरा टायर द्यावा. फरकाची रक्कम आणि ३,१०० किलोमीटरची वाजवी वजावट मी देईन. नव्या बिलावर प्रत्येक टायरचा उत्पादन आठवडा लिहून हवा. वॉरंटीत पकडीबद्दल अक्षर नाही, फक्त झिजेबद्दल आहे, हे उत्तर कृपया पुन्हा पाठवू नये. ती वॉरंटी आपणच लिहिली आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तोवर गाडी सोसायटीत उभी आहे, मी लोकलने जातोय. त्या खर्चाची मागणी करत नाही, पास स्वस्त आहे.

आपला,
(सही)
मुलुंड पूर्व, मुंबई

सोबत : बिलाची प्रत, तपासनिसाचा अहवाल, चारही टायरवरच्या आकड्यांचे फोटो.