काकांचा लेथ भंगारात देऊ नकोस

खारेगाव, कळवा (ठाणे)
१२ जुलै

प्रिय विन्या,

तुझं पत्र मिळालं. घरची खुशाली वाचून बरं वाटलं, पण नजर अडकली ती एकाच ओळीवर. भंगारवाला काकांचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, लेथ (धातू फिरवत ठेवून कापायचं यंत्र) किलोच्या भावाने न्यायला तयार आहे आणि महिनाअखेरीस टेम्पो घेऊन येणार आहे. विन्या, त्याला अजून हो म्हणू नकोस. मी सांगतो तेवढं आधी करून बघ.

आपण सातवीत असताना उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये काकांनी मला पितळेचा भोवरा करून दिला होता. तू तेव्हा बाहेर सायकल फिरवत होतास, मी मात्र लेथपासून हललो नाही. पितळेचे गरम कण कोपरापर्यंत उडून चटके देत होते. शेवटी काकांनी माझा हात टूल आतबाहेर सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या हँडलवर ठेवला आणि म्हणाले, "सावकाश, त्याला कापू दे." तो भोवरा अजून माझ्याकडे आहे, पोलादी आरीसकट. माझ्या लेथच्या वरच्या फळीवरच ठेवलाय.

माझा लेथ तू पाहिलेला नाहीस. साडेचार फुटी आहे, राजकोटचा. वागळे इस्टेटमधला एक गाळा बंद होत होता, तिथून सात वर्षांपूर्वी घेतला आणि लोखंडी पाइपांवरून ढकलत मागच्या पडवीत आणला. काकांचा मात्र म्हैसूर किर्लोस्करचा. त्या मंडळींनी १९४१ मध्ये हरिहरला कारखाना काढला, आणि त्यांचे लेथ देशभरच्या वर्कशॉपमधून वर्षानुवर्षं चालले. त्या वजनाचं बिडाचं ओतीव काम आज माझ्यासारख्या हौशी माणसाला नवं घेणं परवडत नाही. तू ते किलोवर घालायला निघालायस!

काका गेल्यापासून तो बंद आहे, म्हणून एकदम बटण दाबू नकोस. आतलं तेल घट्ट झालेलं असणार. हेडस्टॉकमधलं, म्हणजे चक फिरवणाऱ्या डाव्या टोकाच्या भागातलं, जुनं तेल काढ, नवं भर, आणि आधी चक (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडणारा भाग) हाताने फिरव. कुठे अडतोय का, खरखर येतेय का, ते हाताला कळतं. मग वायरमनकडून कनेक्शन तपासून घे. तीन फेजपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल झाली तरी मोटर उलटी फिरते, आणि चक नुसता आट्यांवर बसवलेला असेल तर उलट्या फिरण्याने तो सुटून अंगावर येऊ शकतो. त्यानंतर बेड बघ, ज्यावर सगळं सरकतं तो लांब पाया. काम बहुतेक चकजवळच चालतं, म्हणून झीजही तिथेच जास्त. टूल घेऊन सरकणारं कॅरेज चकजवळ आणून गिब (सैलपणा काढणारी पट्टी) घट्ट कर आणि दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे सरकव. वाटेत आवळत गेलं, तर चकजवळचा भाग झिजलाय असं समज. थोडं आवळलं तर घाबरू नकोस, तशा बेडवरही उत्तम काम होतं.

माळ्यावर किंवा बाकाखाली गिअरांची एक पेटी असेल, ती आधी शोधून घरात आणून ठेव. भंगारवाल्याच्या लेखी ती नुसती लोखंडी चाकं, पण त्यांच्याशिवाय हवे ते आटे पाडता येत नाहीत. त्यात १२७ दातांचा गिअर निघाला तर मला लगेच कळव. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, पाच इंच म्हणजे बरोबर १२७. त्या एका गिअरमुळे इंची लीड स्क्रूवर, म्हणजे आटे पाडताना कॅरेज ओढणाऱ्या लांब स्क्रूवर, मिलिमीटरचे आटे तंतोतंत पडतात. हे पहिल्यांदा समजलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

आता मुख्य गोष्ट. तू लिहिलंयस, "बाबा शेवटी शेवटी म्हणायचे, लेथ टेपर मारतो, आता त्यात दम नाही." विन्या, माझाही मारत होता. पहिल्या दिवसापासून. शंभर मिलिमीटर लांबीत एका टोकाचा व्यास दुसऱ्यापेक्षा मिलिमीटरच्या आठ शतांशांनी जास्त यायचा. मी बेअरिंगला दोष दिला, हेडस्टॉकला दिला. एका मेकॅनिकने तर बेड काढून ग्राइंडिंगला पाठवायला सांगितलं, त्याचा खर्च लेथच्या किमतीएवढा. मग आमच्या गल्लीतले एक निवृत्त टर्नर आले. ते चककडे गेलेच नाहीत. खाली बसले आणि पायांचे बोल्ट बघत राहिले. पडवीची शहाबादी फरशी एका कोपऱ्यात खचलेली होती आणि मी चारही बोल्ट जीव खाऊन आवळले होते. त्यामुळे अख्खा बेड पिळला गेला होता.

बीड आपल्याला दगडासारखं वाटतं, पण शतांशांच्या हिशेबात तेही वाकतं. बेड पिळला की कॅरेज पुढे सरकताना टूल जॉबच्या मध्यरेषेपासून किंचित लांब किंवा जवळ जातं. टूल एक शतांश सरकलं की व्यासात दोन शतांशांचा फरक पडतो. त्यांनी चारही बोल्ट सैल करवले, खचलेल्या कोपऱ्याच्या पायाखाली पितळी पत्र्याची पॅकिंग घातली आणि बोल्ट नुसते टेकतील एवढेच आवळले. मग माप. पुन्हा पॅकिंग, पुन्हा माप. संध्याकाळी फरक एका शतांशावर आला. खर्च झाला तो एका पत्र्याच्या तुकड्याचा. काकांच्या शेडमध्ये मध्यंतरी नवा कोबा केला होता ना? टेपर त्याच्या आधी होता की नंतर सुरू झाला, ते काकूंना विचार.

एक चूक माझ्या हातून झाली, ती तुझ्या हातून होऊ नये. इथे खाडी जवळ, पावसाळ्यात भिंतीही घाम गाळतात. तीन वर्षांपूर्वी गणपतीला दहा दिवस गावी गेलो, तेव्हा लेथवर निळी ताडपत्री घट्ट बांधून गेलो. परत येऊन उघडतो तर बेड नारिंगी झालेला. मी तिथेच खाली बसलो. रात्री लोखंड थंड होतं, सकाळची दमट हवा त्यावर दवासारखी बसते, आणि ताडपत्री ते पाणी आतच कोंडून ठेवते. रॉकेल हल्ली मिळत नाही, म्हणून डिझेल आणि बारीक स्टील वूल घेऊन चार रात्री घासत होतो. बेडवर पॉलिश पेपर मात्र कधी मारू नकोस, त्याची खर कॅरेजखाली जाऊन बसते आणि बेड खाते. आता काम संपलं की ब्रशने कीस झाडतो, तेलाचा हात फिरवतो, वर सुती चादर टाकतो. पावसाळाभर खाली साठ वॉटचा साधा बल्ब जळत असतो. लोखंड हवेपेक्षा जरासं गरम राहिलं की दव बसत नाही. यंदा अजून एक ठिपका नाही.

मुक्ता येताजाता त्या लेथपाशी थांबते असं लिहिलंयस. ते वाचून फार आनंद झाला. तिला शिकव, पण पहिला नियम चावीचा: चकमधून चावी बाहेर काढल्याशिवाय हात तिच्यावरून सोडायचा नाही. चावी राहिली आणि मशीन चालू झालं तर ती गोळीसारखी सुटते. केस बांधलेले, ओढणी नाही, बांगडी नाही, हातमोजे तर मुळीच नाहीत, कारण फिरता जॉब मोज्यासकट हात ओढून नेतो. डोळ्यांवर चष्मा. लांब कुरळा कीस हाताने ओढायचा नाही, त्यासाठी तारेचा आकडा ठेवायचा.

सुरुवातीला तिला एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल स्वतः घासायला दे, कार्बाइड नको. घासताना चुका होतील आणि त्यातूनच धार कळेल. टूलचं टोक मध्यावर आहे का ते बघायला जॉब आणि टोक यांच्यामध्ये सहा इंची पट्टी हलकेच दाबायची. पट्टी उभी राहिली तर बरोबर, कलली तर टूल वर किंवा खाली आहे. पंचवीस मिलिमीटरच्या साध्या लोखंडी गजाला मिनिटाला तीनशे फेरे पुरेत. बीड कोरडंच कापायचं. पितळेला टूलचा माथा सपाट ठेवायचा, नाहीतर टूल आत ओढलं जातं. हे शेवटचं मला काकांनीच शिकवलं होतं.

तर हे कर. पंचवीस मिलिमीटरचा गज चकमध्ये घट्ट धर, टेलस्टॉक न लावता. बाहेर आलेल्या भागात मधली जागा थोडी खोल घेऊन दोन कॉलर, म्हणजे उंच कडा, सोड, एक चकजवळ, दुसरी शंभर मिलिमीटर पुढे. टूलला ताजी धार लाव, क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्ही कॉलरवरून एकच हलका कट घे आणि मायक्रोमीटरने मोज. दोन्ही मापं मला लिहून पाठव, आणि चारही पायांचे बोल्ट किती आवळलेले आहेत तेही. पुढच्या शनिवारी रात्रीच्या गाडीने मी निघू शकतो. पितळी पत्रा मी घेऊन येईन.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि मुक्ताला आठवण सांग.

तुझा,
अन्या