आबा, फोटोतल्या त्या वयस्कर वस्तादाबद्दल

कोलंबस, ओहायो
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ओरडून सांगायला लागलो की शेजारचे दार वाजवतात, म्हणून सरळ लिहायला बसलो. धाकट्याला सांगितलंय, मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून तुमच्या हातात देईल. आम्ही सगळे खुशाल. थंडी मरणाची आहे, पोरांच्या शाळेला मधूनमधून बर्फाची सुट्टी मिळते आणि ती दिवसभर घर डोक्यावर घेतात.

तुम्ही विचारलंत, फोटोतल्या त्या धिप्पाड पोरांच्या घोळक्यातला वयस्कर माणूस कोण? त्यांचं नाव लॅरी जॉन्सन. इथल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचे डिफेन्सिव्ह लाइन कोच. २० जानेवारीला अटलांटात नोटर डेमला ३४-२३ असं हरवून ही टीम देशात पहिली आली, तेव्हापासून गावात दुसरा विषय नाही. जॉन्सननी सत्तरी ओलांडलीय आणि कॉलेजच्या पोरांना शिकवायला लागून त्यांना २९ वर्षं होतील. त्याआधी वीसेक वर्षं शाळेतल्या पोरांना शिकवलं ते वेगळंच.

फुटबॉल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरची पाटाकडील विरुद्ध शिवाजी मंडळ मॅच येणार. हा खेळ तो नव्हे. इथे दोन्हीकडचे अकरा-अकरा, चेंडू लांबुळका. ज्यांच्याकडे चेंडू असेल त्यांना चार डावांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. चेंडूवाल्यांची पाच तगडी माणसं पुढे रांगेत बसतात आणि त्यांच्या तोंडाला तोंड लावून आपले चौघं, म्हणजेच डिफेन्सिव्ह लाइन, हात जमिनीला टेकवून. त्या पाचांच्या मागे क्वार्टरबॅक असतो, सगळी सूत्रं त्याच्याकडे. त्यानं चेंडू फेकायच्या आत त्याला गाठून पाडलं की झाला सॅक. एक डाव पाच-सहा सेकंदांचा. तेवढ्या वेळात सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस समोरून हटवायचा, आणि थोडा दम खाऊन पुन्हा तेच. मॅच संपेपर्यंत साठ-सत्तर वेळा.

म्हणजे आबा, ही कुस्तीतली खडाखडीच. पहिल्या वर्षी मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग ऑफिसातल्या एकानं सांगितलं, चेंडूकडे बघू नकोस, पुढच्या रांगेतल्या माणसांचे हात बघ. तेव्हापासून मला मॅच दिसायला लागली. समोरच्याला तुमच्या छातीवर हात रोवून तुम्हाला धरून ठेवायचं असतं. तुमचे हात त्याच्या हातांच्या आतून आणि खालून गेले तर तो गेला. मनगटावर फटका मारून हात उडवायचे, खांदा पाडायचा, कंबर फिरवायची आणि बाजूनं निसटायचं. उंच उभा राहिला तो संपला. तुम्ही आम्हाला तालमीच्या हौद्यात वाकवून मानेवर थाप मारायचा, तेच शिक्षण.

यांच्या सरावाचे व्हिडिओ मिळतात, ते मी जेवताना बघत बसतो (सूनबाई वैतागते). एका काठीच्या टोकाला चेंडू लावलेला असतो. कोच ती काठी जमिनीलगत धरतो आणि अचानक हलवतो. चेंडू हलला की सगळ्यांनी सुटायचं. तोंडानं कोणी कितीही ओरडलं तरी हलायचं नाही, कारण मॅचमध्ये समोरचा क्वार्टरबॅक मुद्दाम आवाजाचा ताल बदलून फसवतो आणि आधी हललं की दंड बसतो. दुसरा एक प्रकार बघण्यासारखा आहे. जमिनीवर मोठी कडी ठेवतात आणि एवढाल्या पोरांनी तिच्याभोवती पळत वळायचं, ते पण इतकं आत झुकून की आतला हात गवताला लागेल. सव्वाशे किलोचं पोरगं असं वळताना बघितलं की तुमची आठवण येते.

आता माणसाबद्दल. जॉन्सन मूळचे नॉर्थ कॅरोलिनाचे. एलिझाबेथ सिटी स्टेट या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या कॉलेजात खेळले. पुढे मेरीलँडच्या मॅकडोना हायस्कूलमध्ये आणि मग व्हर्जिनियातल्या टी. सी. विल्यम्स हायस्कूलमध्ये कोच झाले. १९९६ साली, चाळिशी उलटल्यावर, पेन स्टेट युनिव्हर्सिटीचे जो पॅटर्नो यांनी त्यांना बोलावून घेतलं. पॅटर्नो म्हणजे तिथे १९६६ पासून मुख्य कोच, मोठं प्रस्थ. जॉन्सनकडे आधी टोकाचे दोघं म्हणजे डिफेन्सिव्ह एंड सोपवले, नंतर सगळी लाइन.

त्यांच्या पठ्ठ्यांची नावं सांगत बसलो तर धाकट्याच्या प्रिंटरची शाई संपेल. कोर्टनी ब्राउन २००० सालच्या ड्राफ्टमध्ये देशात पहिल्या नंबरानं उचलला गेला. (ड्राफ्ट म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं क्रमानं निवडतात ते.) २००३ साली पहिल्याच फेरीत पेन स्टेटचे चौघं गेले, त्यातले जिमी केनेडी आणि मायकल हेन्स हे दोघं जॉन्सनच्या हाताखालचे आणि तिसरा त्यांचा पोटचा मुलगा, त्याचंही नाव लॅरी जॉन्सनच. तो चेंडू घेऊन पळणारा. आदल्या हंगामात त्यानं २,०८७ यार्ड काढले होते.

मला स्वतःला टांबा हालीची गोष्ट आवडते. हा लायबेरियातला. तिथल्या यादवी युद्धातून निसटून दहा वर्षांचा असताना न्यू जर्सीत वडिलांकडे आला, आई तिकडेच राहिली. पेन स्टेटला जॉन्सननी त्याला घडवलं. २००६ मध्ये तो पहिल्या फेरीत कॅन्सस सिटीच्या व्यावसायिक संघाकडे गेला आणि त्याच वर्षी आईला अमेरिकेत आणलं. सगळेच असे चमकले असं नाही. ॲरन मेबिन २००९ साली अकराव्या नंबरानं गेला, पण व्यावसायिक खेळात त्याचं काही जमलं नाही. पुढे तो बाल्टिमोरमध्ये शाळेत चित्रकला शिकवायला लागला. इथले लोक अशाला फुकट गेला म्हणतात. मला तसं वाटत नाही आणि तुम्हालाही वाटणार नाही.

मग २०११ चं ते प्रकरण. पेन स्टेटमध्ये १९९९ पर्यंत डिफेन्स सांभाळणाऱ्या जेरी सँडस्कीला लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी नोव्हेंबरात अटक झाली, पुढच्या वर्षी तो दोषी ठरला. पॅटर्नोंना काढलं आणि दोनच महिन्यांत ते वारले. कॉलेजला ६ कोटी डॉलर दंड झाला, हंगामानंतरच्या मोठ्या सामन्यांवर बंदी आली आणि खेळाडूंना कुठेही निघून जायची मोकळीक मिळाली. नवे मुख्य कोच बिल ओब्रायन आले, त्यांनी जुन्या कोचांपैकी दोघांनाच ठेवलं. त्यातले एक जॉन्सन. अशा वेळी पोरांच्या आईबापांसमोर जाऊन बसायचं आणि आमच्याकडे मुलगा पाठवा म्हणायचं, हे काम त्यांच्याकडे होतं. कारण त्या घरांतून त्यांना ओळखत होते, काही जण तर मेरीलँडच्या शाळेतल्या दिवसांपासून.

दोन वर्षांनी ओब्रायन निघून गेले. नवा माणूस नेमेपर्यंत जॉन्सन हंगामी मुख्य कोच. त्यांनी त्या जागेसाठी रीतसर मुलाखत दिली. अठरा वर्षं तिथे घालवलेली, पडत्या काळात टिकून राहिलेले. जागा बाहेरून आलेल्या जेम्स फ्रँकलिनना मिळाली. जॉन्सननी पेन स्टेट सोडलं आणि काही दिवसांतच ओहायो स्टेटला आले. म्हणजे जिच्याशी पेन स्टेटची तेव्हा दर वर्षी गाठ पडायची, त्याच टीमकडे! हे वाचून तुम्ही मिशीत हसला असणार.

साठी पार केलेल्या माणसाला नवीन गावात पहिल्याच वर्षी देशाचं विजेतेपद मिळालं, जानेवारी २०१५ मध्ये. मग जोई बोसा, त्याचा भाऊ निक बोसा आणि मेरीलँडचा चेस यंग असे तिघं ओळीनं घडले. जोई २०१६ च्या ड्राफ्टमध्ये तिसरा, निक २०१९ ला दुसरा, यंग २०२० ला दुसरा. इथल्या डिफेन्सिव्ह लाइनला ‘रशमेन’ म्हणतात आणि या टोळीत येणं हाच मोठा मान.

त्यांची एक पद्धत तुम्हाला पटेल की नाही, शंका आहे. चांगली पोरं असली तरी ते सतत बदलत राहतात, आठ-नऊ जणांना आलटून-पालटून उतरवतात. मॅचच्या शेवटी समोरचा धापा टाकत असतो आणि यांची पोरं ताजी. तुम्ही म्हणाल, पैलवानाला दम काढायची सवय लागली पाहिजे. बरोबर, पण इथे कुस्ती चौघांची आहे आणि तीन तास चालते.

आणि ते मुख्य कोच झाले नाहीत का? झाले, एका दिवसासाठी. डिसेंबर २०२० मध्ये मुख्य कोच रायन डे यांना कोरोना झाला. ५ तारखेला मिशिगन स्टेटच्या मैदानावर जॉन्सन टीम घेऊन उतरले आणि ५२-१२ नं जिंकले. ओहायो स्टेटचं फुटबॉल १८९० पासून चालू आहे आणि त्या दिवसापर्यंत एकाही कृष्णवर्णीय माणसानं तिथे मुख्य कोचची जागा सांभाळली नव्हती. पुढच्या मॅचला डे परत आले, जॉन्सन परत आपल्या चौघांकडे.

सगळं गोड होतं असंही नाही. यंग गेल्यावर तीन-चार वर्षं लोक कुरकुरत होते. म्हातारा झाला, आता पोरं आणणं जमत नाही, सॅक होत नाहीत. त्यातलं थोडं खरं होतं. २०२१ पासून मिशिगन या कट्टर वैरी टीमकडून आपली टीम ओळीनं हरत होती, आणि गेल्या ३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावर १३-१० अशी चौथ्यांदा हरली तेव्हा इथले लोक सगळ्याच कोचांना हाकलायला निघाले होते. आमच्या ऑफिसात दोन दिवस कुणी धड बोललं नाही.

नंतर मात्र याच टीमनं टेनेसी, ऑरेगन, टेक्सास आणि नोटर डेम अशी चार मोठी मैदानं मारली. टेक्साससोबतची मॅच १० जानेवारीला होती. ती मी धाकट्याला फोनवरून ऐकवली होती, पण त्या क्षणी मी इतका ओरडलो की त्याला काही कळलं नसणार. टेक्सास सात गुणांनी मागे, गोलरेषेपासून एका यार्डावर. आमच्या पोरांनी आधी त्यांना मागे रेटलं. चौथा, शेवटचा डाव. जॅक सॉयर, इथून जवळच्याच पिकरिंग्टनचा पोरगा, कडेनं सुटला, क्वार्टरबॅकच्या हातातला चेंडू उडवला, तोच उचलला आणि ८३ यार्ड पळत गेला. एवढ्या वजनाचा माणूस, मैदानाच्या या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत! आणि तो क्वार्टरबॅक क्विन ईवर्स एके काळी इथेच त्याच्याच खोलीत राहायचा. सॉयरला गेल्या वर्षीच ड्राफ्टमध्ये जाता आलं असतं. तो आणि लाइनमधले आणखी काही जण एक वर्ष जास्त थांबले. आता कॉलेजच्या पोरांनाही जाहिरातीचे पैसे मिळतात, त्याचाही हातभार असणारच. पण ज्याच्या हाताखाली राहायचं तो माणूस नको असता तर पोरं थांबली नसती, असं मला वाटतं.

जिंकून आठवडा झाला नाही तोच डिफेन्सचे मुख्य, जिम नोल्स, पेन स्टेटला निघून गेले. इथे हे असंच चालतं. पॅटर्नो, ओब्रायन, मग इथे अर्बन मायर, आता डे. वरचे बदलत गेले आणि चौघांना खाली वाकायला शिकवणारा माणूस त्याच कामाला राहिला.

आता खरं सांगतो, एवढं लांबण का लावली. काकूंकडून कळलं की तालमीत पतियाळाहून एनआयएसचा कोचिंगचा कोर्स करून आलेला तरुण कोच मुख्य नेमलाय, तुम्हाला फक्त दहा-बारा वर्षांची पोरं बघायला सांगितलीत, आणि त्या दिवसापासून तुम्ही तालमीची पायरी चढला नाहीत. तुमचा राग खरा आहे. विचारायची पद्धतसुद्धा मंडळाची चुकलीच, तसं मी दादाला बोललोय. जॉन्सनना काही वाटलं नाही असं मी म्हणत नाही. त्यांना ती जागा हवी होती, त्यांनी मागितली, मिळाली नाही, आणि ते रागानं का होईना, निघून गेले. पण दुसऱ्या गावात जाऊन त्यांनी पुन्हा पोरांचे हातच धरले. तुम्हाला दुसरं गाव नको असेल तर गल्लीतली मारुतीमागची जागा मोकळी आहे, दादा माती टाकून द्यायला तयार आहे. पैशांचं मी बघतो. किंवा आहे तिथेच जा आणि त्या नव्या कोचला मॅटवरचं शिकवू दे. दहा वर्षांच्या पोराला मान कशी वाकवायची हे तो पुस्तकातून किती शिकवणार?

उत्तर लगेच नको. काकूंशी बोला.

आणि पासपोर्टची मुदत बघून ठेवा. ३० ऑगस्टला टेक्सास इथेच आमच्या मैदानावर खेळायला येतंय, एक लाखावर लोक बसतात. व्हिसाच्या तारखा लांबच्या मिळतात, म्हणून फॉर्म याच महिन्यात भरायचा. धाकटा येईल, त्याच्याकडे फोटो आणि आधार कार्ड देऊन ठेवा. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर त्यालाच सांगा.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
बाळू