कोयनेचे अवजल आणि नदीचा काठ

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कोयनेचे अवजल, म्हणजे वीजनिर्मिती करून सोडलेले पाणी, मुंबईला न्यावे की कोकणातल्याच टंचाईग्रस्त गावांना द्यावे, हा वाद गेली कित्येक वर्षे अधूनमधून डोके वर काढतो. वाद घालणारे कोणत्याही बाजूचे असोत, सुरुवात मात्र एकाच वाक्याने होते : ‘साडेसदुसष्ट टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दरवर्षी समुद्रात वाया जाते.’ वाशिष्ठी नदीच्या काठी राहणारा आणि उभे आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवलेला माणूस म्हणून मला या ‘वाया’ शब्दाबद्दल चार ओळी लिहाव्याशा वाटतात. या हिशेबात नळ आहेत, शेते आहेत, कारखाने आहेत. पण कोयना आणि वाशिष्ठी या ज्या दोन नद्यांचे वाहणे आपण विजेसाठी मुळापासून बदलले, त्यांच्या काठावरच्या झाडांना त्यात कुठेच जागा नाही.

महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकपाशी पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. धरण बांधल्यावर तिचे बरेचसे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला पोफळीकडे उतरवले गेले. तेथे वीज निर्माण करून ते कोळकेवाडीच्या धरणात येते, अलोऱ्याला पुन्हा एकदा जनित्रे फिरवते आणि मग चिपळूणच्या वरच्या अंगाला वाशिष्ठीत सोडले जाते. एकूण १,९६० मेगावॉट क्षमतेचा हा प्रकल्प महाराष्ट्राच्या उद्योगांचा कणा आहे, हे मी नाकारत नाही. माझ्या घरातला दिवाही त्यावरच लागतो.

कोयनेच्या बाजूने बोलणारे एक मुद्दा नेहमी मांडतात, आणि तो खराही आहे : धरणाच्या शिवसागर जलाशयामुळे गावे उठली, माणसांचा वावर कमी झाला आणि भोवतालचे जंगल वाढले; १९८५ मध्ये तेथे अभयारण्य झाले, पुढे २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीतही गेले. मात्र जे वाचले ते डोंगरउताराचे जंगल होते. जे बुडाले ते नदीकाठचे, आणि ही दोन जंगले एक नव्हेत. उतारावरचा अंजन किंवा हिरडा वर्षभर पाण्याबाहेर राहतो. काठावरच्या उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज यांची मुळे पावसाळ्यात पुराखाली जातात आणि उन्हाळ्यात खोल ओलाव्यावर जगतात. पाणी चढण्या-उतरण्याच्या या ऋतुचक्रावरच त्यांचे रुजणे अवलंबून असते. धरण भरले की जुना काठ तळाशी जातो आणि नवा काठ तयार होईल म्हणावे तर तेही होत नाही, कारण १०५ टीएमसीच्या या जलाशयाची पातळी पावसाळ्याअखेर काठोकाठ असते आणि जूनपर्यंत कितीतरी मीटर खाली जाते. मधल्या उघड्या पट्ट्यावर थोडे गवत उगवते, त्यावर गवे उतरतात, एवढीच काय ती हिरवाई. निम्मे वर्ष बुडालेले आणि निम्मे वर्ष कोरडे राहणाऱ्या त्या लाल मातीत झाड धरत नाही.

धरणाच्या खाली पाटण-कराडकडे वेगळीच गोष्ट घडते. नदी आटली, असे तेथे कोणी म्हणणार नाही, कारण सिंचनासाठी भर उन्हाळ्यात पायथा वीजगृहातून पाणी सोडले जाते. ‘२,१०० क्युसेकचा विसर्ग’ ही बातमी आपणही छापता. शेतकऱ्यांना त्या पाण्याची गरज आहेच. पण वाळुंजाचे बी कापसासारखे हलके असते आणि ते जेमतेम काही दिवस जिवंत राहते. त्या थोड्या दिवसांत त्याला पुराने नुकताच आणून टाकलेला ओला, मोकळा गाळ लागतो, आणि पाणी हळूहळू खाली सरकत जावे लागते, म्हणजे कोवळे मूळ ओलाव्याचा माग घेत खोल उतरते. धरण गाळ अडवते आणि विसर्गाचे वेळापत्रक त्या हळूहळू ओसरण्याला विसरते. उभी झाडे हिरवीगार दिसतात, फोटोतही छान येतात, पण त्यांच्याखाली रोपटी शोधू गेल्यास मोजकीच सापडतात. नदीकाठचे जंगल असे म्हातारे होत जाते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

वाशिष्ठीचे दुखणे याच्या उलट आहे. मुळात ही पावसाळी नदी. मार्च-एप्रिलमध्ये तिचे कोंड (डोह) आणि खडक तेवढे उरत असावेत, हे जिथे अवजल येऊन मिळते त्या जागेच्या वर चालत गेल्यास आजही दिसते. तेथे उन्हाळ्यात खडकांच्या फटींतून शेरणीची झुडपे मोकळी उभी असतात. पुरात आडवे होऊन वाचायचे आणि पाणी उतरले की फुलायचे, ही तिची रीत. लव्हाळ्याची थोरवी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या गायली गेली, शेरणीच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. खाली मात्र नदी बारमाही झाली आहे, आणि तीही विजेच्या मागणीनुसार. एका मार्चमध्ये सलग आठवडाभर मी एकाच खडकावर खडूने खुणा करून पाहिले : पाणी दिवसभरात चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. त्या दोन खुणांमधल्या पट्ट्यात करंजाच्या वाहत आलेल्या शेंगा अडकल्या होत्या, काहींना मोडही आले होते. आठवड्याच्या शेवटी त्यांतले एकही रोप जागेवर नव्हते.

सह्याद्रीतल्या नद्यांच्या खडकांवर पोडोस्टेमेसी कुळातल्या शेवाळासारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या वनस्पती असतात. वेगवान पाण्यात खडकाला चिकटून वाढायचे आणि पावसाळ्यानंतर खडक उघडा पडला की झटपट फुलून बी टाकायचे, असा त्यांचा जीवनक्रम आहे. जो खडक कधी उघडाच पडत नाही, तेथे त्यांनी फुलायचे केव्हा?

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या उआतुमा नदीवर १९८० च्या दशकात बालबिना धरण झाले. अवघ्या २५० मेगावॉट विजेसाठी दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक जंगल त्यात बुडाले, याची जगभर चर्चा झाली. त्यामानाने कमी बोलले गेले ते धरणाखालच्या जंगलाबद्दल. तेथली झाडे वर्षातले अनेक महिने पाण्यात उभी राहू शकतात, पण त्यांनाही काही काळ कोरडी जमीन लागते. धरणाने उन्हाळ्यातले पाणी वाढवले, सखल भागातला कोरडा काळ नाहीसा झाला आणि शतकानुशतके पूर सोसलेली झाडे उभ्या उभ्या वाळली. स्वीडनमध्येही नियंत्रित नद्यांच्या काठांवर कित्येक दशकांनंतरही वनस्पतींच्या जाती मुक्त नद्यांपेक्षा कमीच आढळल्या आहेत. एकामागून एक धरणे असली की पाण्यावरून होणारा बियांचा प्रवासही तुटतो.

आता मूळ वादाकडे येतो. साठ वर्षांत वाशिष्ठीचा काठ या आगंतुक पाण्याला कसाबसा सरावला आहे. खाली दाभोळच्या खाडीपर्यंत गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा मेळ त्यावर बसला आहे, आणि तिवर, चिप्पी यांसारखी कांदळवनातली झाडे त्या मेळावरच जगतात. उद्या हे पाणी नळाने दुसरीकडे नेले, तर तो या नदीला बसलेला दुसरा धक्का असेल. पाणी नेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. मुंबईला किंवा मंडणगडला तहान लागत नाही असे कोण म्हणेल? पण किती न्यायचे, कोणत्या महिन्यांत न्यायचे आणि उरलेले दिवसाच्या कोणत्या वेळी कसे सोडायचे, हे ठरवण्यापूर्वी दोन्ही नद्यांच्या काठांची झाड-झुडपांसह पाहणी व्हायला हवी. गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी केंद्राने २०१८ मध्ये किमान प्रवाह ठरवताना हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळ्याची टक्केवारी वेगवेगळी धरली. तशी ऋतुवार आखणी कोयना आणि वाशिष्ठीसाठी करण्यात तांत्रिक अडचण कोणती, हे जाणकारांनी सांगावे. सह्याद्रीत उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे (खालचे पाणी पुन्हा वर चढवून त्यावर वीज करणाऱ्या) करार होत असताना तर हे अधिकच निकडीचे आहे, कारण त्या प्रकल्पांत पाण्याची पातळी रोजच चढणार आणि उतरणार आहे. शिवाय नदीकाठ बुडाल्याची भरपाई म्हणून माळावर लावलेली झाडे दाखवण्याची पद्धत थांबायला हवी. करंजाचे रोप माळावर जगेल, काठ मात्र तयार होणार नाही.

या पाहणीला मोठा खर्च लागत नाही. चिपळूण, पाटण आणि कराडच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी दर महिन्याला ठरावीक जागी जाऊन रोपटी मोजू शकतात आणि वीजगृहांच्या विसर्गाच्या नोंदींशी ती ताडून पाहू शकतात. मात्र त्या नोंदी तासागणिक उपलब्ध करून दिल्या पाहिजेत. माझ्याकडे वाशिष्ठीच्या दोन-तीन ठिकाणच्या निरीक्षणांच्या दोन वह्या आहेत. अक्षर फारसे चांगले नाही, पण कोणाला हव्या असतील तर आनंदाने देईन.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
चिपळूण, जि. रत्नागिरी