जोडणी शुल्क बंद करू नका, त्याचा हिशेब उघडा करा

मा. दूरसंचार मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

मी एका लहान इंटरनेट कंपनीत नव्या जोडण्यांचं काम बघतो. "मोठी कंपनी फुकट जोडून देते, मग तुम्ही पैसे कसले घेता?" हे ग्राहक रोज विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर आम्ही द्यायलाच हवं, पण त्यातलं निम्मं तुमच्या खात्याच्या हातात आहे.

जोडणी म्हणजे राउटर आणून ठेवणं नव्हे. खांबावरच्या डबीतून घरापर्यंत ड्रॉप केबल ओढायची, तिच्यातली केसाएवढी काच, म्हणजे फायबर, सोलायची, स्पिरिटने पुसायची, सरळ कापायची आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये जोडायची. काप जरा तिरका गेला की पुन्हा पहिल्यापासून. मग सिग्नलचा जोर मोजायला पॉवर मीटर लावायचा. नेहमीच्या जीपॉन जोडणीत (एकाच फायबरवर अनेक घरं बसवण्याची पद्धत) सिग्नल उणे 27 डीबीएमच्या (सिग्नलचा जोर मोजायचं एकक) खाली गेला की घरातल्या ओएनटीचा, म्हणजे फायबरच्या टोकाला बसणाऱ्या यंत्राचा, भरवसा नाही. कुठला जोड खराब आहे ते शोधत माणूस परत खांबावर. हे सगळं जमल्यावर ऑफिसातलं कोणीतरी ओएनटीचा सिरियल नंबर कंपनीकडच्या ओएलटी या मुख्य यंत्रावर चढवतं, व्हीएलॅन (जाळ्यातली वेगळी वाट) देतं, ग्राहकाचं खातं उघडतं. मोठ्या कंपनीत हे सॉफ्टवेअर करतं. तसं सॉफ्टवेअर उभं करायचा खर्च मूठभर ग्राहकांवर वाटला तर परवडत नाही.

त्यात आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर जोडणी ओळखायचे क्रमांक. जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही4 पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी 2011 मध्येच संपला. ज्यांनी आधी मोठे गठ्ठे घेऊन ठेवले ते निवांत आहेत. उशिरा आलेल्यांनी ते बाजारात विकत घ्यायचे, नाहीतर एका पत्त्यामागे अनेक घरं बसवणारी सीजीनॅट यंत्रणा घ्यायची.

फुकट जोडणीतही हा खर्च होतोच. तो मासिक बिलात आणि मुदतीच्या करारात मुरवलेला असतो. दोन महिन्यांत ग्राहक गेला तरी मोठ्या कंपनीला ते सोसतं, आम्हाला नाही. म्हणून शुल्कच बंद करा ही मागणी मान्य करू नका, अशी कळकळीची विनंती आहे. तसं झालं तर डबीपासून लांबच्या घरांना आमच्यासारखे आधी नकार देतील, आणि तिथे दुसरं कोणी जाणारही नसतं.

आमच्या धंद्यातही खोट आहे, आणि मला ती सलते. आधीच्या भाडेकरूची केबल भिंतीवर शाबूत असते, ओएनटी नुसती चालू करायची असते, तरी काही जण नव्या जोडणीचे पूर्ण पैसे घेतात. अनामत रकमेला "इन्स्टॉलेशन" म्हणायचं आणि परत द्यायची वेळ आली की हात वर करायचे, हेही चालतं. हे थांबवा. केबल ओढणी, उपकरण, खातं चालू करणं आणि परत मिळणारी अनामत या रकमा वेगवेगळ्या दाखवणं सक्तीचं करा. अमेरिकेत 2024 पासून प्रत्येक प्लॅनसोबत ठरावीक तक्ता द्यावा लागतो, त्यात एकदाच घेतली जाणारी शुल्कंही असतात. लहान कंपन्यांना त्यासाठी सहा महिने जास्त दिले होते. तेवढी सवलत आम्हालाही पुरेल.

पण याहून मोठं दुखणं घाऊक बाजूला आहे. स्वतःची फायबर नसलेल्या कंपन्या मोठ्या कंपनीचं जाळं भाड्याने घेतात आणि प्रत्येक जोडणीमागे तिला चालू करण्याचं शुल्क देतात. केबल आधीपासून असली, कोणी जागेवरून हललं नाही, नुसती नोंद बदलली, तरी शुल्क तेच. ठरल्या वेळी ग्राहक घरी नसला की फेरीचे पैसे वेगळे. या शुल्कांना प्रत्यक्ष खर्चाची मर्यादा घाला आणि ती जाहीर करायला लावा. नुसत्या नोंदीच्या बदलाला शुल्क नाममात्रच हवं.

दोन्ही नियम एकाच वेळी लागू करा. घाऊक दर उतरला आणि आमच्या तक्त्यात उतरला नाही, तर ग्राहक आम्हाला जाब विचारू शकेल.

आपला विश्वासू,
एका लहान इंटरनेट कंपनीतला कर्मचारी