चोर समजून हात उचलण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

"पांढरी गाडी फिरत्या, पोरं सांभाळा," असा आवाजी निरोप आमच्या पेठेतल्या ग्रुपवर पुन्हा फिरू लागला आहे. गाडीचा नंबर नाही, गावाचे नाव नाही, तारीख नाही. तरीही असा निरोप आला की कुणीतरी 112 या आपत्कालीन नंबरला फोन लावून "पोरगं उचललं" म्हणून सांगतो आणि कुणीतरी काठी घेऊन कोपऱ्यावर उभा राहतो. मी फौजदारी वकिली करते. या दोघांनाही पुढे काय भोगावे लागते ते मला न्यायालयात दिसते, पण त्यांना ते आधी कुणी सांगितलेले नसते. म्हणून हे पत्र.

आधी फोनबद्दल. 112 ला लावलेला फोन कोल्हापुरात घेतला जात नाही. तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात जातो आणि तिथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे व घटनास्थळाजवळच्या पोलिस गाडीकडे येते. फोन कुठल्या नंबरवरून, किती वाजता आला याची नोंद राहते. फोन ठेवून सिम काढून टाकले की सुटलो, असे समजणारी पोरे अजून आहेत. शाहूवाडी, गगनबावड्यासारख्या डोंगरी तालुक्यात एक गाडी खोट्या निरोपामागे धावली, तर त्याच वेळी घाटात अपघात झालेल्या माणसाने किंवा दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईने कुणाची वाट बघायची? खोटा फोन करणाऱ्याला ती बाई दिसत नाही. मला मात्र या विषयात सगळ्यात आधी तीच आठवते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत यासाठी कलम 217 आहे. खोटे आहे हे ठाऊक असताना सरकारी नोकराला माहिती देऊन त्याला कामाला लावणे किंवा दुसऱ्याच्या मागे लावणे, याला एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात हीच शिक्षा सहा महिने आणि एक हजार रुपये होती. एखाद्याला अडकवायच्या हेतूने त्याच्यावर खोटा गुन्हा लादला तर कलम 248 लागते आणि तिथे शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. आरोप जन्मठेपेसारख्या शिक्षेच्या गुन्ह्याचा असेल तर दहा वर्षांपर्यंत. शेतीच्या बांधावरून भांडण आणि फोनवर "हा पोरं पळवतो" अशी तक्रार, असे करणाऱ्याने हे कलम एकदा वाचावेच. लोकांत घबराट पसरेल अशी अफवा उठवणाऱ्यासाठी कलम 353 आहे, तीन वर्षांपर्यंत.

कोल्हापूरकरांनी आणखी एक तरतूद लक्षात ठेवायला हवी. 2019 आणि 2021 चे महापूर आपण काढले आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली की "राधानगरी धरण फुटलं" हा निरोप पाण्याच्याही आधी घराघरांत शिरतो. म्हातारी माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडतात. आपत्तीची खोटी सूचना देऊन घबराट उडवणाऱ्याला आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 54 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. निरोप तयार करणाराच नव्हे, तो पुढे पसरवणाराही त्यात येतो.

मग कारवाई झालेली का दिसत नाही? कलम 217 च्या गुन्ह्याची दखल न्यायालय आपणहून घेत नाही. ज्या अधिकाऱ्याची फसवणूक झाली त्याने, किंवा त्याच्या वरिष्ठाने, लेखी तक्रार करावी लागते. रात्रपाळी करून दमलेला अंमलदार कशाला तारखांचे लचांड लावून घेईल? समज देऊन विषय मिटतो. माझ्या मते ही समज फार महाग पडते.

घाबरून कुणी फोनच करायचा थांबेल, असे मात्र होऊ नये. खरेच संशय आला, मनापासून वाटले म्हणून कळवले आणि नंतर तसे काही नव्हते असे निघाले, तर तो गुन्हा नाही. खोटे आहे हे माहीत असणे, हा गुन्ह्याचा गाभा आहे. अनोळखी माणूस शाळेभोवती घुटमळताना दिसला तर जरूर फोन करा.

आता काठी घेऊन कोपऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाकडे येते. सप्टेंबर 2022 मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना पोरे पळवणारे समजून मारहाण झाली. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, एवढेच. ते चौघे वाचले. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मात्र पाच जण वाचले नाहीत. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे ते लोक. आठवडी बाजाराचा दिवस होता. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारले. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेपलीकडे त्यांच्याविरुद्ध काहीही नव्हते. 2024 मध्ये त्या खटल्यात सात जणांना जन्मठेप झाली. त्या सातांपैकी कुणी सकाळी घरातून निघताना खून करायला निघाला असेल, असे मला वाटत नाही.

कायद्याचे हेच अंग आपल्या तालमीतल्या, मंडळातल्या पोरांना समजावून सांगायला हवे. "सगळेच मारत होते, मी दोनच ठेवून दिल्या," हे वाक्य मी अनेक आरोपींच्या तोंडून ऐकले आहे. त्यांना वाटते की गर्दीत गुन्हा वाटला जातो, प्रत्येकाच्या वाट्याला थोडा थोडा येतो. तसे होत नाही. पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदा जमाव असेल आणि त्या जमावाच्या समान उद्देशातून गुन्हा घडला असेल, तर न्याय संहितेच्या कलम 190 प्रमाणे त्यातला प्रत्येक जण त्या संपूर्ण गुन्ह्याचा धनी ठरतो. शेवटचा घाव कुणाचा, हे सिद्ध करण्याची गरज उरत नाही. माणूस मेला तर कलम 103 खाली जन्मठेप किंवा फाशी. वंश, जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला तर त्याच कलमात आता स्वतंत्र पोटकलम आहे, आणि अशाच कारणावरून गंभीर दुखापत केली तर कलम 117(4) खाली सात वर्षांपर्यंत कैद. "आम्ही जात बघितली नाही, चोर म्हणून मारलं," या बचावाने या विशेष पोटकलमातून कुणी कदाचित सुटेल. खुनाच्या मूळ कलमातून सुटणार नाही.

नुसता बघत उभा राहिलेला माणूस आपोआप गुन्हेगार होत नाही, हेही खरे. पण तो बघ्या होता की जमावातला, हे ठरेपर्यंत त्याचे नाव आरोपपत्रात असू शकते, जामिनासाठी आईचे दागिने गहाण पडतात, आणि पुरावा म्हणून समोर येतो तो बहुधा कुणीतरी मिरवायला काढलेला व्हिडिओ. कोल्हापूर हा भरतीचा जिल्हा आहे. पहाटे चारला उठून पळणारी, पोलिस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुले गावोगाव आहेत. चारित्र्य पडताळणीत असा गुन्हा पुढे आला की त्या पळण्याचे काय होते, ते मी पाहिले आहे.

मग खरा चोर सापडला तर सोडून द्यायचा का? मुळीच नाही. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (हक्काने जामीन मिळत नाही असा) गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकानेही पकडावे, अशी मुभा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम 40 ने दिली आहे. मात्र विनाविलंब, आणि फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करायचे. चोर अंगावर आला तर स्वतःच्या बचावाचा हक्क आहेच, पण तो हक्क गरजेपुरताच. त्याला खांबाला बांधल्यानंतरची पहिली थप्पडसुद्धा बचाव नसते.

यावर मला नेहमी एकच उत्तर मिळते: पोलिस सोडून देतात, कोर्टात वर्षे जातात. खटले रेंगाळतात हे मी नाकारत नाही, ते दुःख मी रोज बघते. पण म्हणूनच तर आपण चार दशके भांडलो. वकील, पक्षकार, तालमी, सगळे रस्त्यावर उतरले, आणि 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाले. न्यायालय दारात यावे म्हणून एवढे झगडलेल्या शहराने निकाल मात्र चौकात लावावा, हे मला सहन होत नाही. विशाळगडावरच्या अतिक्रमणाचे प्रकरण न्यायालयापुढे असताना 14 जुलै 2024 ला जमाव गडाजवळच्या गजापूर गावात शिरला आणि ज्यांचा त्या वादाशी संबंध नव्हता त्यांची घरे फोडली. अतिक्रमणाबद्दल कुणाचे मत काहीही असो, त्या दिवशी जे झाले त्याचे समर्थन मी करू शकत नाही.

आणि मार बसतो कुणाला, हेही पाहावे. नंदीवाला, डवरी गोसावी, फासेपारधी, परप्रांतीय फेरीवाला. पाल ठोकून राहणारा, ओळख सांगायला गावात कुणी नसलेला. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला. त्याआधीच, 1918 मध्ये, शाहू महाराजांनी या संस्थानात काही जातींवरची रोज सरकारदरबारी हजेरी देण्याची सक्ती उठवली होती. त्याच मातीत आज नुसत्या पेहरावावरून माणसाला चोर ठरवले जाते, याची मला लाज वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने 17 जुलै 2018 च्या निकालात झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलिस अधीक्षक दर्जाचा नोडल (समन्वय) अधिकारी नेमायला सांगितले आहे. आपल्या जिल्ह्यातल्या या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क क्रमांक प्रत्येक पोलिस ठाण्याबाहेर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावावा. जाणूनबुजून केलेल्या खोट्या फोनची लेखी तक्रार न्यायालयात करण्यासाठी प्रत्येक ठाण्यात एक अधिकारी ठरवून द्यावा आणि अशा किती तक्रारी गेल्या ते दर तीन महिन्यांनी वृत्तपत्रांना कळवावे. गणेशोत्सवापूर्वी शांतता समितीच्या बैठका होतातच. तिथे मिरवणुकीचा मार्ग आणि आवाजाची मर्यादा यांच्या जोडीने कलम 190 ही मंडळांच्या अध्यक्षांना समजावून सांगावे. त्यासाठी वकील हवे असतील तर मी आणि माझे काही सहकारी विनामूल्य यायला तयार आहोत.

आपली,
एक वकील वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर