हजेरीपटात मतदानाची नोंद नको

माननीय संपादक यांस,

निवडणुकीच्या दिवसांत कारखान्यातला दबाव सहसा उघड धमकीने येत नाही. ठेकेदार मतदार ओळखपत्राची झेरॉक्स मागतो, सुपरवायझर सभेच्या बससाठी नावे घेतो, मतदानानंतर गेटवर बोटाची शाई पाहिली जाते. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीआधी तर गुजरातेत निवडणूक आयोगानेच उद्योगांशी करार करून मतदान न करणाऱ्या कामगारांची नावे फलकावर लावायची योजना आखली होती. हेतू मतदान वाढवण्याचा होता, पण पगार आणि कंत्राटाची मुदत ज्याच्या हातात, त्याच्याकडे अशी यादी असूच नये.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १३५ब नुसार मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळते, रोजंदारीवाल्यालाही. अपवाद फक्त धोका किंवा मोठे नुकसान होईल अशा कामाचा. चालू भट्टीला तो लागू पडेल, पॅकिंग खात्याला नाही. मात्र मालकाला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये!

‘तुमच्या बूथवर कोणाला किती मते पडली ते कळेल’ ही धमकी सर्वांत जास्त लागते, कारण ती अर्धी खरी आहे. फॉर्म २० या अधिकृत निकालपत्रकात बूथवार आकडे येतात. एका वसाहतीचे कामगार एकाच बूथवर असले की कल दिसतो. एकट्याचे मत मात्र कोणालाच कळत नाही. अनेक बूथांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर यंत्र विधी आयोगाने २०१५ मध्ये सुचवले होते. ते आता तरी वापरात आणावे.

आचारसंहिताभंगाची तक्रार करायच्या निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल सुविधेत जागेवर टिपलेला फोटो, आवाज किंवा व्हिडिओच चालतो, गॅलरीतला जुना नाही. जिथे फोन गेटवर जमा होतो तिथे त्याचा काय उपयोग? म्हणून तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे नाव आणि नेमके शब्द त्याच संध्याकाळी लिहून ठेवावेत, ऐकणाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. तक्रारीचा अर्ज युनियनच्या लेटरहेडवर करावा, म्हणजे एकटा कामगार उघडा पडत नाही. तो कलेक्टर कचेरीत, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे देऊन पोचशिक्का घ्यावा.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १७४ खाली मतदारावर गैरवाजवी दबाव आणल्यास एक वर्षापर्यंत कैद आहे. पण गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. नोकरीची धास्ती असलेला माणूस तिथवर पोचत नाही. मालक वा ठेकेदार आरोपी असेल तेव्हा तरी हा गुन्हा दखलपात्र करावा, अशी आमची मागणी आहे.

– मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील काही कामगार, बडोदे